सिगिरियातल्या आसरा

माघ संपत आला की आमच्याकडे वारा फिरतो. थंडीमुळे लावून घेतलेल्या खिडक्या आता उघडाव्यात असं वाटायला लागतं, आणि उघडल्या की संध्याकाळी खाडीच्या बाजूने कचऱ्याच्या डम्पिंगचा वास घरात शिरतो. कांजूरमार्गला राहणाऱ्यांना तो सवयीचा. पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आम्ही कापूर लावतो. आई होती तोवर साडेसहाला आधी कापराची वडी आणि मग खिडकी, असा क्रम ठरलेला होता. आता मी खिडकी उघडते आणि कापूर राहून जातो. मग आठवतं तेव्हा नाक सरावलेलं असतं, म्हणून परत उठत नाही.

हायवेच्या कडेची सावर याच दिवसांत फुलते. झाडावर पान नाही, नुसती लाल, जाड फुलं, आणि पडतात ती धप्पकन. सकाळी कामाला निघताना एखादं चपलेखाली येतं आणि पाय सटकतो. लोक थांबून मोबाईलवर फोटो काढतात. काढू देत. मला हे दिवस नकोसे होतात. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी आईला घेऊन सिगिरियाला गेले होते. तिथे एका खडकाच्या कपारीत उभी राहून मी तिला जे बोलले, ते मला परत घेता आलं नाही. पुढे घ्यायला आईच राहिली नाही.

यंदाही सहलीचं पत्रक आलं. आमच्या शेजारच्या विंगमध्ये सुमनताई राहतात. जवळच्या बुद्धविहाराची सगळी कामं त्यांच्याकडे असतात, आणि विहाराची मंडळी एक-दोन वर्षांआड श्रीलंकेला जातात. अनुराधापूर, कँडी, आणि वाटेत एक दिवस सिगिरिया. रानात मधोमध उभा असलेला एकच एक प्रचंड खडक, त्याच्या माथ्यावर कुण्या राजाने बांधलेला किल्ला, आणि अर्ध्या वाटेवर, खडकाच्या पोटात, दीड हजार वर्षांपूर्वी रंगवलेल्या बायका. पत्रकावर त्यांच्यातल्याच एकीचा फोटो असतो. कमरेपासून खाली ढग, वर उघडं अंग, गळ्यात दागिने, हातात फूल. यंदाच्या पत्रकात छापताना पिवळ्या रंगाची प्लेट हलली आहे, त्यामुळे बाईच्या गालाला दुसरी कड आली आहे. हे मला लगेच दिसतं. मी मरोळला एका छापखान्यात चेकर आहे, औषधांच्या खोक्यांचे छापील कागद तपासते. तीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरते आहे. घरातसुद्धा तेच करत आले, असं आई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

सिगिरियाआधी शैलाचं सांगायला हवं. शैला माझी धाकटी बहीण. ती आठ वर्षांची असताना गेली. आईच्या शब्दांत, आसरांनी नेली.

आमचं गाव खारेपाटणकडचं. बाबा गिरणीत होते, मे महिन्यात आम्ही सगळे गावाला जायचो. गावच्या नदीला एक खोल डोह आहे, त्याला कोंड म्हणतात. कोंडाच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या बायका. त्यांचं नाव संध्याकाळी घ्यायचं नाही, कोंडाकडे पाठ करून हसायचं नाही, आणि कुणी बुडालं तर बुडालं म्हणायचं नाही. आसरांनी नेलं म्हणायचं. त्यांना एखादं पोर आवडतं, त्या त्याला आपल्यात घेतात, तिथे ते सुखात असतं, वाढत नाही, आजारी पडत नाही. वर्षातून एकदा आसरांची ओटी भरायची, दहीभात ठेवायचा आणि आपल्या पोराची खुशाली विचारायची. त्या बोलत नाहीत, पण विचारायचं असतं.

त्या दुपारी मी तेरा वर्षांची होते. शैलाला सांभाळ म्हणून आईने सांगितलं होतं. आम्ही चार-पाच मुली कोंडापासून थोड्या लांब, आंब्याखाली काजू भाजत होतो. काजू भाजताना त्यातलं तेल उडतं, आणि उडालं की कातडी जाळत जातं. माझ्या अंगठ्यावर उडालं. मी कळवळले आणि शैलाला म्हटलं, जा गं, डब्यातून पाणी आण. तिने डालड्याचा रिकामा डबा उचलला आणि पळत गेली. मी अंगठ्यावर फुंकर घालत बसले. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. बाकीच्या मुली काजू फोडण्याच्या गडबडीत होत्या. शैला माझ्यासाठी पाणी आणायला गेली होती हे त्यांच्यातल्या एकीच्याही लक्षात राहिलं नाही. खेळता खेळता पाण्याकडे गेली असेल, असंच सगळे म्हणाले. मी काही बोलले नाही. अंगठ्यावर काजूचा काळा डाग अजून आहे. छापखान्यात नव्या मुली विचारतात, शाई का? मी हो म्हणते.

तिला बाहेर काढलं तेव्हा आई ओरडली नाही की माझ्याकडे धावली नाही. गावातली एक बाई माझ्याकडे बोट करून काहीतरी बोलायला लागली तशी आई तिला म्हणाली, "आसरांनी नेल्यानी तिका." तेवढंच. मग बाबा म्हणाले, गाव म्हणालं, आणि तेच ठरलं. आई मुंबईत पन्नास वर्षं राहिली तरी घरात मालवणीच बोलायची, आणि त्यातलं हे वाक्य माझ्या कानावर जितक्यांदा पडलं तितकं दुसरं कुठलंच पडलं नसेल. पाहुण्यांना, डॉक्टरांना, शेजारणींना. मुलं किती? दोन मुली. एकीला आसरांनी नेली.

आणि मी तिच्याशी भांडायचे. हे लिहिताना लाज वाटते. दर वैशाखात आई दहीभात, हिरव्या बांगड्या आणि खण घेऊन कांजूर गावातल्या जुन्या विहिरीवर जायची, कारण गावचा कोंड लांब. मी म्हणायचे, आई, विहिरीत कचरा टाकू नकोस. मी म्हणायचे, शिकल्यासवरल्यांच्या बिल्डिंगमध्ये राहतो आपण, लोक हसतात. आसराबिसरा काही नसतं. ती फक्त म्हणायची, "तू गप रव." मी स्वतःला खरं बोलणारी समजत होते. आसरा नाहीत तर मग शैला गेली कशी, ही पुढची पायरी मात्र मी कधी चढले नाही. अर्धंच खरं बोलायचं आणि ताठ मानेने फिरायचं, असं माझं चाळीस वर्षं चाललं.

तर तीन वर्षांपूर्वीचं पत्रक. सुमनताई ते द्यायला आल्या तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने हात पुसले, पत्रक घेतलं, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "ह्यो बायलो खंयच्यो गो?" सुमनताईंनी सांगितलं, मावशी, लंकेत एक किल्ला आहे, तिथल्या. आईने पत्रक गादीखाली ठेवलं. दोन दिवसांनी मला म्हणाली, आपणही जाऊ. मी उडालेच. हिला मुलुंडच्या दवाखान्यात न्यायचं तरी दहा वेळा मागे लागावं लागायचं. पासपोर्ट करायला अंधेरीला गेलो तर दोन तास रांगेत उभी राहिली, एकदासुद्धा गुडघे दुखतात म्हणाली नाही. मला वाटलं, म्हातारपणी हौस आली. बरं वाटलं मला. म्हटलं, जन्मभर कुठे गेली नाही, जाऊ दे. सुमनताई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आमच्याबरोबर वंदनेला बसला नाहीत तरी चालेल." आई म्हणाली, बसेन की, हात जोडायला काय जातंय.

आणि बसलीही. अनुराधापूरला बोधिवृक्षाखाली विहाराच्या बायकांबरोबर पांढरी साडी नेसून बसली. सुमनताईंनी तिला कमळ घेऊन दिलं, तेही वाहिलं. पण तिचं चित्त तिथे नव्हतं. रोज संध्याकाळी विचारायची, तो खडक कधी?

खडकाच्या पायथ्याशी राजाच्या बागा आहेत. बागा म्हणजे आता गवत आणि पाणी. चौकोनी तळी, विटांचे काठ, शेवाळ, त्यात कमळं. सकाळचे आठ वाजले असतील, आणि तो खडक समोर एकटा उभा. आमचा गाईड हिंदीत काहीतरी सांगत होता. आई तळ्याच्या काठाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "पाणी आसा हय." मला वाटलं तहान लागली. मी बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही. वाटेतल्या टपरीवर पिवळे नारळ होते, तिकडचे, गुळगुळीत. तिने एक घेतला आणि उलटसुलट करून कुरकुरली, "शेंडी नाय ह्याका." मी म्हटलं, अगं, प्यायचा असतो तो, शेंडी कशाला हवी? तिने नारळ पिशवीत टाकला. चढायचं असताना एवढं ओझं कशाला, म्हणून मी वैतागले. मला अजूनही काही कळलं नव्हतं. चुका शोधायचं काम करते मी, आणि शेंडी नाही म्हणून हळहळणाऱ्या बाईला नारळ कशासाठी हवा असेल, हे मला कळलं नाही.

पायऱ्या पुष्कळ आहेत. म्हाताऱ्यांना हात देऊन वर नेणारी तिथलीच माणसं असतात, दोघे-तिघे आईच्या मागे लागले. तिने सगळ्यांना हाताने बाजूला केलं. दहा पायऱ्या चढायची, थांबायची, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. वाटेत पाटी होती: आवाज करू नका, गांधीलमाश्या उठतील. वर बघितलं तर खडकाला त्यांची पोळी लागलेली. आमच्यातल्या बायका एकदम कुजबुजत बोलायला लागल्या. पुढे गोल फिरत जाणारा लोखंडी जिना आला. खाली बघायची सोय नाही, वाऱ्याने पदर उडतोय. तो चढून एका अरुंद कपारीत पोचलो, आणि त्या समोरच होत्या.

चित्रं बघून माझ्यासारखीला काही होईल असं मला वाटलं नव्हतं. दिवसभर रंगच बघते मी. पण हे रंग शाईचे नव्हते. पिवळा, तांबडा, थोडा हिरवट, सगळे मातीतून निघालेले, आणि खडक जिथे वाकतो तिथे बाईचा खांदाही वाकलेला. दोघीदोघी, एकेकटी. एकीच्या हातात फुलांचं तबक, दुसरी फूल दोन बोटांत धरून उभी. गाईड कुजबुजत सांगत होता की ओल्या गिलाव्यावर रंगवलंय, रंग आत मुरला की संपलं, पुसता येत नाही. एकीच्या हाताची आधीची रेघ त्याने दाखवली. चित्रकाराने हात काढला, मग बेत बदलून दुसरीकडे काढला, पण पहिली रेघ आत राहिलीच. मी ती रेघ बघत राहिले. आमच्याकडे असा कागद रद्दीत जातो.

या बायका कोण, यावर कुणाचंच एकमत नाही. गाईड म्हणाला, राजाच्या राण्या. कुणी म्हणतात अप्सरा. कुणी म्हणतात ढग आणि विजा, बायकांच्या रूपात. सुमनताई हात जोडून म्हणाल्या, "ह्या उपासिका ग, नलू. फुलं घेऊन विहारात चालल्यात." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तर चित्रातली एक बाई आमच्या छापखान्यातल्या एका मुलीसारखी दिसली, नाक तसंच. ज्याला जे पाहिजे ते तिथे दिसतं, आणि त्या कुणालाच नाही म्हणत नाहीत.

मी वळले तर आई कठड्याला टेकून खाली बसली होती. पिशवीतून तिने हिरवा खण काढला, रुमालात बांधलेले तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, आणि तो बिनशेंडीचा नारळ. सगळं खणावर मांडलं. कुंकवाचा करंडा उघडला, बोट बुडवलं, आणि उठून कठड्यावरून हात लांब केला. बोट चित्रापासून वीतभर राहिलं असेल. कोपऱ्यात बसलेला राखणदार उठून धावत आला. त्याच्याआधी मी आईचं मनगट धरलं. करंडा खाली पडला, खणावरचे तांदूळ विस्कटले आणि पायाखालच्या लोखंडी पत्र्यावर कुंकू सांडलं.

"आई, डोकं फिरलंय का तुझं? काय करतेस?"

ती माझ्याकडे बघतच नव्हती. चित्राकडे बघत म्हणाली, "ह्यो त्योच." मग मला समजावून सांगितल्यासारखं, अगदी शांतपणे, "अर्ध्यो वर, अर्ध्यो पाण्यात. बघ. हातात फुला. एकदाच विचारतंय गो, माझा चेडू बरा आसा काय."

ते पाणी नव्हतं, ढग होते. पण तिला पाणी दिसलं, आणि त्यात तिचं चेडू, तिची पोर.

मागे रांग तुंबली होती. परदेशी लोक, शाळेची पोरं, आमच्या विहाराच्या बायका. राखणदार त्याच्या भाषेत रागावत होता, गाईड माझ्याकडे बघून सॉरी सॉरी करत होता. सुमनताई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "राहू दे नलू, मी समजावते मावशीला." तेवढं ऐकलं असतं तरी चाललं असतं. पण मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माझी जीभ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ओरडायची सोय नव्हती, गांधीलमाश्यांची पाटी होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि दात दाबून म्हटलं, "कुणी नाही नेलं तिला. बुडाली ती. मी पाठवलं होतं तिला पाणी आणायला, माझा अंगठा भाजला म्हणून. मी पाठवलं आणि ती बुडाली. कळलं? आता बास कर हे."

एकेचाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते असं निघालं. रडत, क्षमा मागत नव्हे. तिला गप्प करायला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून एकेक वस्तू परत पिशवीत भरली. बांगड्या, हळकुंड, सुपारी. तांदूळ पत्र्याच्या फटींतून खाली गेले होते, ते सोडून दिले. सांडलेलं कुंकू पदराने टिपायला लागली, तेव्हा तो राखणदारच तिला म्हणाला असावा की असू दे. तिने पदर झटकला आणि जिन्याकडे निघाली.

जिना उतरल्यावर एक लांब भिंत लागते. पूर्वी तिला आरशासारखी झिलई होती म्हणे. त्या भिंतीवर शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी कोरून लिहिलंय, वरच्या बायकांना पाहून सुचलेलं. गाईड सांगत होता की त्यातल्या बऱ्याच जणांची एकच तक्रार आहे, या बायका बोलत नाहीत. आमची माणसं हसली. पुढे सगळे माथ्यावर गेले. आईला आणखी चढवेना म्हणून आम्ही दोघी मागे राहिलो, खाली सावलीत एका दगडावर बसलो. मी पाणी दिलं, ते प्यायली. माझा राग तोवर उतरला होता आणि त्याच्या जागी भीती बसली होती. मी म्हटलं, आई, मी तुला आधी सांगायला हवं होतं.

"माका म्हायत आसा," आई म्हणाली.

मला वाटलं ती काहीतरी भलतंच बोलतेय.

"तुझ्या बोटाक फोड इल्लो. डबो कोंडात तरंगत होतो. मी काय आंधळी होतंय?" ती समोरच्या झाडांकडे बघून बोलत होती. "तेरा वर्षांचा पोर तू. लोक बोलले असते, तुझ्या बापाशीन जीव घेतलो असतो तुझो. सगळो जल्म कसो काढलं असतंस? म्हणान म्हटलंय, आसरांनी नेल्यानी. गावान ऐकल्यान. बापाशीन ऐकल्यान."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.

"आणि मगे सांगान सांगान माकाय खराच वाटूक लागला," ती म्हणाली. "चेडू खंयतरी आसा, बरा आसा. मी ओटी भरतंय, ती बघता." मग तिने मला विचारलं, "आता तू काय करतलंस गो?"

हा प्रश्न तिने टोचून विचारला नव्हता. खरोखर काळजीने विचारला होता, मूल परगावी एकटं निघाल्यावर डबा काय नेशील असं विचारतात तसा. आता तू काय करशील, हे मी तिला विचारायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. वरून आमची मंडळी उतरली, सुमनताईंनी आईसाठी केळी आणली होती, आईने अर्धं खाल्लं.

परत आलो. विमानतळावरून जोगेश्वरीच्या रस्त्याने टॅक्सीने घरी निघालो तेव्हा संध्याकाळ होत होती. तलाव मागे पडला, आयआयटीची भिंत संपली आणि खिडकीतून आमचा तो वास आला. घरी पोचल्यावर आईने कापूर लावला, मग खिडकी उघडली. मला वाटलं, चला, सगळं जागेवर आहे. पण नव्हतं. वैशाख आला आणि आई विहिरीवर गेली नाही. मीच म्हटलं, आई, दहीभात करू का? ती म्हणाली, "कोणाक?" एकदा मी तिच्यासमोर मुद्दाम आसरांचं नाव काढलं. गावचा एक माणूस आला होता, त्याच्याशी बोलताना म्हटलं की आमच्या कोंडातल्या आसरा फार कडक. आईने चहाचे कप उचलले आणि आत गेली. माझं खोटं बोलणं तिला ओळखू यायचं, लहानपणापासून.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर नवी मुलगी होती, फॉर्म भरत होती. आजी, मुलं किती? मी शेजारीच उभी होते. मला पाठ असलेलं वाक्य येणार म्हणून मी कान देऊन उभी राहिले. आई म्हणाली, "दोन. एक बुडाली." डॉक्टरने लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आईने डोळे मिटले. जे शैलाच्या प्रेतासमोर झालं नाही, जे चाळीस वैशाखांत झालं नाही, ते तेव्हा झालं. तिची पोर तेव्हा मेली. मी मारली, दुसऱ्यांदा. नंतर आठ दिवसांनी आई गेली.

लोक म्हणतात, खरं सांगितल्यावर मन हलकं होतं. माझं झालं नाही. सुमनताईंना मी सगळं सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "तू तेरा वर्षांची होतीस गं, तुझा काय दोष?" त्या चांगल्या आहेत, मनापासून म्हणाल्या, मी मान हलवली. पण काय दोष हे समजूत काढणं झालं. आईने माझी समजूत काढली नव्हती. तिने दोष उचलला आणि सात दगडांवर नेऊन ठेवला, तिथून तो कुणालाच काढता येईना. मी तो काढून आणला. शहाणपणा करून, चारचौघांसमोर, कुजबुजत. ओल्या गिलाव्यावर जे उतरतं ते राहतं म्हणतात. माझ्या अंगठ्यावरचं राहिलं आहे, तेही माझ्या बोलण्याने पुसलं गेलं नाही.

कपाटात ती पिशवी अजून आहे. हिरवा खण, बांगड्या, हळकुंड. मागच्या वैशाखात मी ती घेऊन कांजूर गावातल्या विहिरीपर्यंत गेले होते. विहिरीला आता जाळी बसवली आहे. काठावर उभी राहिले आणि मला कळेना की विचारायचं काय. चेडू बरा आहे का, हे विचारायला आधी ती कुठेतरी आहे असं वाटावं लागतं. दोन बायका कपडे धुवायच्या दगडावर गप्पा मारत बसल्या होत्या, माझ्याकडे बघायला लागल्या. मी परत आले.

आज पत्रक द्यायला सुमनताईंची सून आली. नवीनच लग्न होऊन आली आहे, घाटकोपरची मुलगी. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. भिंतीवर आईचा फोटो आहे, शेजारी शैलाचा. शाळेच्या एका फोटोतून मोठा केलेला, म्हणून चेहरा पसरलेला आहे. ती फोटोकडे बघून म्हणाली, "मावशी, ही छोटी कोण?"

"माझी बहीण."

"काय झालं होतं हिला?"

मी म्हटलं, "आसरांनी नेली."

तिला कळलं नाही. मग मी सांगितलं. कोंड, सात दगड, पाण्यातल्या बायका, त्यांना एखादं पोर आवडलं की त्या नेतात, तिथे ते सुखात असतं. आई सांगायची तसं, त्याच क्रमाने. ती पोर डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "खरंच असतं असं?" मी हो म्हटलं. ती फोटोकडे बघून पुटपुटली, किती गोड आहे ना, आणि पत्रक टेबलावर ठेवून गेली.

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. मला वाटलं होतं, एकदा आपल्या तोंडाने म्हटलं की कदाचित बरं वाटेल. आईने म्हटलं ते चाळीस वर्षं टिकलं. मी म्हटलं ते ती मुलगी जिना उतरेपर्यंतही टिकलं नाही. आपलं आपण म्हणून ते होत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी म्हणावं लागतं. आणि माझ्यासाठी ते म्हणणारं एकच माणूस होतं, त्याला मी गप्प केलं.